चारशे जणांची हजेरी

विद्यापीठाची श्रेणी ठरवणारी समिती दहा मिनिटांत वर येणार होती आणि ऑपरेटरबाई अजून शेवटच्या रांगेतल्या संगणकांवर व्याख्यानं लावत होत्या. चित्र चालू, आवाज बंद. विद्यापीठात ई-शिक्षण असं जोरात चाललं होतं. चारशे विद्यार्थ्यांचे पासवर्ड बाईंच्या वहीत होते. विद्यार्थी कुठे असत ते त्यांचं त्यांना ठाऊक. हजेरी मात्र शंभर टक्के.

"बाई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा," ई-शिक्षण विभागाचे संचालक दारातूनच म्हणाले. "तोंडातून अवाक्षर नको. तुमच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे."

बाईंनी मान डोलावली. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. मान डोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

समिती आली. आकडे बघून चार सभासदांचे डोळे दिपले. अध्यक्षबाई मात्र चिवट. त्यांनी संख्याशास्त्राची चाचणी उघडली आणि पहिलाच प्रश्न त्या विषयाच्या प्राध्यापकांना विचारला, "वस्तीत एकच घर गर्भश्रीमंत असेल, तर तिथलं उत्पन्न सरासरीनं सांगावं की मध्यकानं?"

प्राध्यापकांनी घसा खाकरला. चष्मा पुसला. व्याख्यानं त्यांनी तीन वर्षांपूर्वी कागदावरून वाचली होती, आणि कागद घरी होता.

ती शांतता बाईंना सोसवेना. "मध्यकानं," त्या बोलून गेल्या. "मधल्या घराचं उत्पन्न धरायचं. ते एक श्रीमंत घर सगळ्यांची सरासरी उगाच वर ओढतं."

"बरोबर. कुठं शिकलात?"

"इथंच. कंटाळा आला की एखाद्या संगणकाचा आवाज सुरू करते. चारशे जणांच्या नावानं ऐकलंय, मॅडम."

शब्द तोंडातून सुटले आणि बाईंनी पासवर्डची वही पाठीमागे लपवली. संचालक पांढरेफटक पडले. अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि त्या चहा न घेताच निघून गेल्या.

महिन्यानं अहवाल आला. चार सभासदांविरुद्ध अध्यक्षबाईंचं मत एकटं पडलं होतं. विद्यापीठाला सर्वोच्च श्रेणी मिळाली.

संचालकांनी बोलावलं तेव्हा बाई वही परत करायच्या तयारीनंच गेल्या.

"बसा. मुदतवाढ मंजूर झालीय," संचालक म्हणाले. "फक्त समितीची एक सूचना आहे. विद्यार्थी आणि शिक्षकांमधला संवाद वाढवा म्हणतात."

त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर प्राध्यापकांचा पासवर्ड होता.

"उद्यापासून विद्यार्थ्यांच्या नावानं शंका विचारत जा, आणि सरांच्या नावानं तुम्हीच समजावून सांगत जा."