ओली बाळंतीण

चतुराबाई सुलतान बाजारातून परतल्या तेव्हा जिन्याखाली पिल्लांचा नुसता आकांत चालला होता. पाटी जागेवर होती, तिच्यात अंथरलेलं जुनं लुगडंही होतं, पण मांजरी नव्हती. पिल्लं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून सड शोधत होती.

पुढच्या खोलीत मात्र सणासारखी धांदल होती. गौतम मद्रासला निघाला होता, अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार आणि ते चालू ठेवायला अमेरिकेला आपला गौतमच हवा, असं नामदेवरावांनी अख्ख्या अंबरपेठेला सांगून ठेवलं होतं. बॅग दाराशी होती. फाटकाबाहेर ऑटो येऊन थांबली होती.

"मांजरी कुठंय?" चतुराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

नामदेवरावांनी चपलेचा पट्टा उगाचच पुन्हा लावला. "सोडून आलो."

"कुठं?"

"मच्छी मार्केटजवळ. पोत्यात घालून नेली, नीट सोडली. तिथं खायला काय कमी हाय? मजेत राहील."

"अहो, ओली बाळंतीण हाय ती!"

"अन् पोरगा निघायच्या टायमाला आडवी गेली असती म्हंजे?"

आसपास कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या अडगळीत गाभण मांजरी दिसली की लोक ती चतुराबाईंकडे आणून देत. तिचं बाळंतपण इथं व्हायचं. पिल्लं आपली आपण खायला लागेपर्यंत मायलेकरं जिन्याखाली राहायची, मग चांगलं घर बघून एकेकाची पाठवणी व्हायची. नामदेवराव त्या जागेला 'माहेर' म्हणून हसत, आणि हसत हसत कलेजीचे तुकडेही आणून देत. इतकी वर्षं डोळ्यांदेखत सगळं बघून माणसाला एवढंही कळू नये? चतुराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता ह्यांना काय पाजू मी?"

"वाटीत दूध ठेव की."

"वाटीत? चाटता तरी येतंय का त्यांना? लेकरांना आईच्या अंगावरून तोडलंत तुम्ही. रात्र नाही काढायची ती."

"आई, बाबांवर कशाला ओरडायलीस?" गौतम शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाला. "मीच म्हणलो त्यांना."

"तू?"

"माझा दोस्त सुरेश, त्याच्या टायमाला असंच झालं. घरातून निघाला अन् मांजर आडवं गेलं. गेला तसा परत आला, व्हिसा नाही. रिस्क कशाला घ्यायची?"

चतुराबाई लेकाकडे बघतच राहिल्या. इंजिनिअरिंग झालं, वर कॉम्प्युटरचे कोर्स झाले, साहेबापुढं फाडफाड इंग्रजी बोलायची तयारी झाली, आणि घाबरायचं कुणाला, तर जिन्याखाली लेकरांना पाजत पडलेल्या मांजरीला. नवऱ्याचा राग येत होता तो वेगळा. हा वेगळाच होता, आतून पिळवटून काढणारा. नवरा न कळून वागला होता. पोराने विचार करून सांगितलं होतं.

"मेल्या, तुला लाज कशी वाटली नाही रे?"

"आता जाऊ दे ना, आई. मुलाखत होऊन येतो, मग शोधू आपण."

"तू येईस्तोवर ही जगतील?"

गौतमने मनगटावरचं घड्याळ बघितलं. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. नामदेवरावांनी घाईघाईने देवापुढची दह्याची वाटी उचलून बायकोपुढे धरली. "भांडण मागनं कर. आधी त्याच्या हातावर दही घाल. पोरगं नाराजीत बाहेर पडू नये."

चतुराबाईंनी वाटी घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. जिन्याखाली जाऊन पाटी उचलली, तिच्यावर पदर टाकला आणि मागे न बघता त्या फाटकाबाहेर आल्या. गौतमसाठी आणलेल्या ऑटोत त्या पाटी मांडीवर घेऊन बसल्या.

"मच्छी मार्केट चलो."

ऑटोवाला गोंधळला. "साब तो स्टेशन बोले थे, अम्मा."

"मैं मच्छी मार्केट बोलरी. चलो." मग त्या घराकडे बघून कडाडल्या, "अहो, बसा तुम्ही पण! कुठल्या कोपऱ्यात सोडली ते दाखवायला दुसरं कोण येणार हाय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज नामदेवरावांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी एकदा पोराकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्याने येऊन बसले. शेजारच्या उषाताई गॅलरीत येऊन खुशाल बघत होत्या.

गौतम बॅग घेऊन धावत आला. "आई, अगं काय करायलीस? माझी गाडी चुकंल! मी कसा जाऊ?"

चतुराबाईंनी पाटीवरचा पदर बाजूला केला. पिल्लांची गुलाबी तोंडं उघडली होती, पण ओरडून ओरडून आवाज बसत चालला होता. मिटल्या डोळ्यांनीच ती माना वर करकरून हवेत काहीतरी हुंगत होती.

"तुझे डोळे उघडलेत ना?" त्या म्हणाल्या. "मग दुसरी ऑटो बघ."