भोंग्यावरचं नाव

आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून मायने तिला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं आणि मृत्यूची नजर पडू नये म्हणून नावही उखर्डाच ठेवलं. नरडाण्याच्या शाळेत बास्केटबॉल खेळताना मात्र कोणी "ए उकिरडा, पास दे!" म्हटलं, की तिच्या हातून चेंडूच सुटायचा.

धुळ्याच्या सामन्याआधी तिने सरांना ठणकावून सांगितलं, "भोंग्यावर मला हेमलता म्हणा. का ते विचारू नका, सकाळी उठले तर तेच नाव तोंडात होतं!"

आणि काय जादू झाली! भोंग्यातून "हेमलता!" आलं रे आलं, की चेंडू जाळीतच. पोरींनी ओरडून ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. सामना संपला तशी माय गर्दीतून धावत आली आणि तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"घाबरू नको, माय. आते माले नजर लागत नही!" उखर्डा हसली.



"ते तुनी मोठी बहीणनं नाव शे," माय पुटपुटली. "बारसाना आगेच गयी ती. मनमाच ठेयेल नाव, आजपावत मी कोणलेच सांगेल नही."