टाइल नसलेली भिंत

"देव सृष्टीत आहे की सृष्टीच्या पलीकडे?" प्रणीतनं एवढंच विचारलं, तर भीमसेनअण्णा भर सत्संगात त्याच्यावर तडकले. "पुण्याहून हेच शिकून आलास? अरे, चराचरात भरलाय तो! जिथं तो नाही, अशी एक जागा दाखव मला!" सगळे हसले. प्रणीतनं मान खाली घातली.

तरी अण्णांना घरी सोडायला गाडी काढली ती त्यानंच. सर्जापूर रोडवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. अण्णांना मधुमेह, त्यांना काही धीर धरवेना. "स्वल्प थांब रे," म्हणत ते उतरले आणि रस्त्याकडेच्या भिंतीपाशी गेले. तिथं कुणी लघवी करू नये म्हणून भिंतीवर ओळीनं देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या. गणपती, बालाजी, अगदी येशूसुद्धा. एकेकाला घाईघाईनं हात जोडत अण्णा पुढं सरकत राहिले. शेवटी एकदाच्या टाइल्स संपल्या आणि कोऱ्या भिंतीपुढं ते निवांत उभे राहिले.

अण्णा गाडीत येऊन बसताच प्रणीतनं काळजीनं विचारलं, "मिळाली का जागा?"

"मिळाली," अण्णा पुटपुटले, आणि घर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.