अस्सल जुनी आवृत्ती

भास्कररावांच्या मेंदूतल्या चिपवर नवी प्रणाली चढली आणि ते हिराबाईंच्या प्रत्येक बोलण्याला "अगदी बरोबर" म्हणू लागले. महिनाभरात कंटाळून हिराबाईंनी सांगलीतलं चिपांचं दुकान गाठलं.

"यांची जुनी प्रणाली द्या. घरात भांडायला माणूसच उरलं नाही."

"चोरीची कॉपी लगेच देतो," दुकानदार हळूच म्हणाला.

"नको बाई! शेजारच्या मोहित्यांनी तीच घातली, तर ते आता कानडीत भांडतात. वहिनींना उलट उत्तरच देता येत नाही. मला परवान्याची, अस्सलच हवी."

दुकानदाराने माळ्यावरून सीलबंद डबी काढली.

घरी जुनी प्रणाली चढताच भास्कररावांनी चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "याला चहा म्हणतात?"

"मग स्वतः करून प्या!" हिराबाई कडाडल्या आणि खुर्ची ओढून मनसोक्त भांडायला बसल्या.