नववी पायरी

सिनेमातले बारीकसारीक आवाज काढणं हे माझं काम. झपाटलेल्या बंगल्याचा सिनेमा असला की हमखास मलाच बोलावतात. दाराची करकर, जिन्यावरची पावलं, सगळं मी स्टुडिओत उभी राहून करते. पावलांसाठी वडिलांचे जुने बूट घालते. ते गेल्यावर घरातून मी तेवढेच मागून घेतले होते.

या वेळचा जिना तेरा पायऱ्यांचा होता. मी चढत गेले, नवव्या पायरीवर थांबले, मग पुन्हा चढले.

"भूत मधेच कशाला थांबेल?" दिग्दर्शकानं विचारलं.

"कमरेचा पट्टा काढायला."

तो खो खो हसला आणि तेवढा तुकडा त्यानं कापून टाकला.

पहिल्या खेळाला आईला घेऊन गेले. माझ्या लहानपणाचा विषय निघाला की तिचं एकच पालुपद असतं, "मी खाली स्वयंपाकघरात, नळ सुरू. वर तुझ्या खोलीत काय चालायचं, ते मला कुठे ऐकू यायचं गं?" इतकी वर्षं मी ते खरं मानत आले. खरं म्हणजे, मानायचं ठरवलं होतं.

पडद्यावर बंगला आला. जिन्यावर बूट वाजू लागले. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं. आईनं माझा हात घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली,

"नवव्या पायरीवर थांबले नाहीत ते."