बाहुलीच्या तळाचं नाव

बायकोच्या कानाच्या मशीनसाठी अण्णांनी चिनी मातीची नाचरी बाहुली विकायला काढली. "तळावर बनवणाऱ्याचं नाव असेल तर सोनं, नाहीतर खेळणं," जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने फोनवर ऐकवलं. पण नातवंडांनी पाडू नये म्हणून अण्णांनीच ती कपाटातल्या काचेच्या फळीला कडेकडेने पक्की चिकटवलेली. गरम पाणी झालं, सुरी झाली, शिव्याही देऊन झाल्या. शेवटी वैतागून त्यांनी हिसका दिला. बाहुली हातात आली, पावलं तळासकट फळीवरच राहिली.

तो कडकन झालेला आवाज मात्र बायकोलाही ऐकू आला. "अहो, काय चाललंय?"

"नाव बघत होतो, नाव!" अण्णा तिच्या कानाशी ओरडले.



"नाव होय? ते खालून काचेतून दिसतं की! मी रोज पुसताना वाचते."