सातव्या मजल्याचा कठडा

"नव्या इमारतीत कठडे थोडे हलतातच, मॅडम," साइट इंजिनिअर गायकर म्हणाला.

रेवती लेकाला कडेवर घेऊन गॅलरीच्या दारात उभी होती. "भिंतीतले बोल्ट सुटलेत. किती वेळा सांगायचं?"

"उगाच घाबरता. हे बघा," म्हणत तो कठड्याला रेलला.

कठडा करकरला आणि एका बाजूने निखळून बाहेर झुकला. मुलाला खाली सोडून रेवतीने झेप घेतली, गायकरचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं. दोघंही दारात आपटले.

खेळ वाटून मूल हसत गॅलरीकडे धावलं. गायकरने पडल्यापडल्याच त्याला पोटाशी ओढलं.

मग त्याने फोन लावला. "साहेब, उरलेल्या घरांचे ताबे थांबवा. नाही साहेब, मी सही करणार नाही."

मुलाला त्याने अजून सोडलं नव्हतं.